सालीतले तेल आणि वैशाखाचे ऊन

संत्र्याची ताजी साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीपाशी चिमटली, म्हणजे तडतड करीत बारीक ठिणग्यांचा एक फवारा उडतो. वीज गेली की लहानपणी आम्ही हा खेळ हटकून खेळत असू, आणि कंटाळा आला की तीच साल भावंडांच्या डोळ्यांवर पिळून वडीलधाऱ्यांचा मार खात असू. आज ज्या तेलाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे त्याचे दोन महत्त्वाचे गुणधर्म या दोन खोड्यांत आले आहेत. ते चटकन पेट घेते, आणि अंगाच्या नाजूक भागाला झोंबते. तिसरा गुणधर्म मात्र मुलांच्या खेळातून कळण्याजोगा नाही. तो कळायला ऊन लागते, आणि एक-दोन दिवसांची वाट पाहावी लागते.

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला संत्र्याविषयी बोलण्यास वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. नागपूरच्या भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत छत्तीसगडावर होता. त्यानंतर दुर्ग जिल्हा पुष्कळ काळ मध्य प्रांताचा भाग होता आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. नागपूर येथून रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडेसेच दूर. त्यामुळे कार्तिकात आंबिया बहराची आणि माघ-फाल्गुनात मृग बहराची संत्री आमच्या बाजारात ढिगाने येतात, आणि सेक्टरांतल्या घरांच्या गच्च्यांवर साली वाळत पडलेल्या दिसतात. त्या साली दिवाळीच्या उटण्यात जातात. साल टाकून द्यायची नसते, हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे.

आता मात्र या सालीतील तेल छोट्या गडद बाटल्यांतून भरून, निरनिराळ्या इंग्रजी नावांनी, औषधासारखे विकले जाऊ लागले आहे. जत्रेत, प्रदर्शनात, औषधाच्या दुकानात, घरबसल्या मागवून, कोठूनही ते मिळते. मनाचा ताण जातो, झोप लागते, त्वचा उजळते, भूक लागते, मळमळ थांबते, असे बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेले असते. या उपचाराला अरोमाथेरपी म्हणतात. आपण गंधोपचार म्हणू. त्यातले खरे किती, आणि काळजी कोठे घ्यायची, हे सामान्य गृहस्थाला कळावे इतकाच माझा हेतू आहे. मी वैद्य नाही. परंतु आमच्या घरी या तेलाने एक छोटासा प्रसंग घडविला आणि त्यानंतर मला याविषयी वाचणे भाग पडले.

प्रथम नावांचा घोळ निस्तरू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. बाटलीवर ‘स्वीट ऑरेंज’ असे लिहिलेले असले की आपण नागपुरी संत्रे डोळ्यांसमोर आणतो. ते चूक आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ‘स्वीट ऑरेंज’ म्हणजे आपली मोसंबी आणि तिची भावंडे. नागपुरी संत्रे, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ‘मँडरिन’ या गटातले, सैल सालीचे फळ होय. ‘लेमन’ म्हणजे परदेशी पिवळे लिंबू. आणि ज्या कागदी लिंबाशिवाय आपली पंगत पुरी होत नाही ते इंग्रजीत ‘लाइम’. बर्गामॉट हे फळ तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नसेल. इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियाच्या किनारपट्टीवर ते मुख्यत्वे पिकते. फळ खाण्याजोगे नाही, पण त्याच्या सालीचा वास अप्रतिम. अर्ल ग्रे नावाचा चहा ज्यांनी घेतला असेल त्यांना तो वास ओळखीचा असेल. ही सारी फळे एकाच कुळातली खरी, पण कुळ एक म्हणून गुण एक, असे माणसांतही आढळत नाही.

तेल सालीत असते, आणि तेही तिच्या बाहेरच्या रंगीत थरात. साल उजेडात धरली तर बारीक बारीक टिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या होत. गुलाबाचे किंवा वाळ्याचे अत्तर काढताना कनौजचे अत्तार डेग आणि भपका वापरतात, म्हणजे फुले पाण्यात उकळून त्यांची वाफ थंड करून धरतात. सालीचे तेल काढण्याची मुख्य पद्धत याहून निराळी आहे. तेथे उष्णता लागत नाही. साल दाबली की पिशव्या फुटतात आणि तेल बाहेर येते. सिसिलीत पूर्वी कारागीर हाताने साल स्पंजावर दाबीत आणि तेलाने भिजलेला स्पंज भांड्यात पिळीत. आता हेच काम यंत्रे करतात. काही तेले, विशेषतः कागदी लिंबाचे, ऊर्ध्वपातनानेही काढतात. दाबून काढलेले तेल आणि वाफेतून धरलेले तेल यांत फरक काय, असे कोणी विचारील. फरक मोठा आहे, आणि तो आमच्या घरच्या प्रसंगात येईलच.

संत्रा-मोसंबीच्या सालीच्या तेलात बहुतांश भाग लिमोनीन नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. मोसंबीवर्गीय तेलात तर त्याचे प्रमाण शेकडा नव्वदांहून अधिक भरते. तरीही वास ठरतो तो उरलेल्या अल्पांशावर. नागपुरी संत्र्याचा वास मोसंबीहून वेगळा का, याचे उत्तर त्या अल्पांशात आहे.

गंधोपचार हे नाव रने-मोरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केले. १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या, आणि लॅव्हेंडरच्या तेलाने त्या बऱ्या झाल्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९३७ साली त्याचे ‘आरोमातेरापी’ हे पुस्तक निघाले. पुढे या विद्येला शिष्य पुष्कळ मिळाले आणि दावेही पुष्कळ वाढले. मला स्वतःला त्यातल्या बऱ्याच दाव्यांविषयी शंका आहे. परंतु सारेच उडवून लावणेही योग्य नव्हे. व्हिएन्नात काही संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. दाताच्या दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या ७२ रुग्णांपैकी काहींच्या वेळी खोलीत संत्रावर्गीय तेलाचा मंद वास ठेवला होता, इतरांच्या वेळी नव्हता. वास घेतलेल्या स्त्रियांना भीती कमी वाटली, मन अधिक प्रसन्न वाटले. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. दात काढायला जाताना पुरुष अधिक धीट असतात, असा याचा अर्थ मी तरी काढणार नाही!

याचे कारण फार गूढ नाही. पाहिलेले आणि ऐकलेले मेंदूत काही टप्पे ओलांडून भावनेपर्यंत पोहोचते. वास मात्र जवळजवळ थेट त्या भागाशी जाऊन भिडतो जिथे भीती, आनंद आणि आठवणी वास करतात. पहिल्या पावसाचा वास आला की गाव आठवते, ते यामुळेच. तेव्हा थकल्या मनाला संत्र्याच्या वासाने थोडी हुशारी वाटली, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला जरा बरे वाटले, तर त्यात खोटे काही नाही. पण बरे वाटणे निराळे आणि रोग बरा होणे निराळे. या तेलाने रक्तदाब, मधुमेह किंवा दमा आटोक्यात येतो असे कोणी सांगितले तर आपली नेहमीची गोळी बंद करू नये, एवढे ध्यानात धरले की पुरे.

आता तो प्रसंग. चैत्रातले हळदीकुंकू होते. आमच्या ओळखीच्या एका घरी चैत्रगौर मांडली होती. आंब्याची डाळ, पन्हे, कलिंगड, भिजवलेले हरभरे, सारे यथासांग. भिलाईत राहून हे सणवार सांभाळणाऱ्या स्त्रियांचे मला नेहमी कौतुक वाटते. यजमानीणबाईंनी अत्तरदाणीऐवजी कोणी भेट दिलेली एक नवी बाटली पुढे केली आणि आलेल्या प्रत्येकीच्या मनगटावर त्यातला एकेक थेंब तसाच, काही न मिसळता, लावला. वास फारच सुंदर होता, असे सर्वांनी सांगितले. चारचा सुमार असावा. छत्तीसगडातले चैत्रातले चार म्हणजे भर उन्हाचीच वेळ. काहीजणी रिक्षाने गेल्या, आमची मंडळी आणि त्यांची एक मैत्रीण उन्हातून पायी घरी आल्या.

त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मनगटावर रुपयाएवढा लाल डाग उठला आणि जळजळू लागला. त्यापुढच्या दिवशी त्यावर फोड आले, आणि तेल ओघळले होते त्या रेषेत एक लांबट पट्टा उमटला. आमच्या मातोश्रींनी पाहताक्षणी निदान केले, “ही नागीण आहे.” गेरू आणा, असेही सुचविले. चपातीच्या वाफेने भाजले असेल, असे मला वाटले. चर्मरोगतज्ज्ञांनी मात्र हात पाहून एकच प्रश्न विचारला, “या जागी काय लावले होते, आणि त्यानंतर उन्हात गेला होता का?” मैत्रिणीच्या हातावरही तसाच डाग होता. रिक्षाने गेलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नव्हते. बाटली मागवून पाहिली. तीवर बर्गामॉट असे लिहिलेले होते.

बर्गामॉटच्या सालीत बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. फ्युरोकुमारिन नावाच्या कुटुंबातले ते आहे. अंधारात ते निरुपद्रवी. पण त्वचेवर असताना त्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की ते चेततात आणि त्वचेच्या पेशींना इजा करतात. उन्हाने भाजण्यासारखेच हे भाजणे, फक्त कितीतरी पटींनी तीव्र आणि उशिरा दिसणारे. फोड बसले तरी मागे काळसर डाग राहतो आणि तो कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने टिकतो. कोलोन शहरात योहान मारिया फारिना याने १७०९ पासून जे प्रसिद्ध सुगंधी पाणी विकले त्यात बर्गामॉट होते. पुढे असे पाणी मानेवर शिंपडून उन्हात जाणाऱ्यांच्या गळ्यावर, थेंब ओघळेल त्या आकाराचे डाग पडत. १९१६ साली त्यांचे वैद्यकीय वर्णन झाले, आणि गळ्यातल्या लोलकासारखे दिसतात म्हणून त्यांना तशाच अर्थाचे नाव मिळाले.

आता दाबून काढलेल्या आणि वाफेतून धरलेल्या तेलातला फरक ध्यानात येईल. फ्युरोकुमारिने जड असतात. वाफेबरोबर ती सहसा वर चढत नाहीत. म्हणून कागदी लिंबाचे वाफेतून काढलेले तेल या बाबतीत निर्धोक आणि तेच दाबून काढलेले तेल धोक्याचे. एकच फळ, एकच नाव, पण एक शब्द लेबलावर नसला की घोटाळा. मोसंबीचे आणि मँडरिनचे सालीचे तेल मात्र दाबून काढलेले असले तरी या दोषापासून जवळजवळ मुक्त मानले जाते. आपले नागपुरी संत्रे या खटल्यातून निर्दोष सुटले याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा प्रांतीय आनंद झाला.

ज्या द्रव्याने डाग पडतो त्याच कुटुंबातील द्रव्याने डाग घालविण्याचे कामही माणसाने केले आहे, आणि ते आपल्या देशात फार पूर्वी केले आहे. आयुर्वेदात कोडावर बावची देतात आणि रुग्णाला उन्हात बसवितात. बावचीच्या बियांत सोरालेन असते, आणि ते बर्गाप्टेनचे सख्खे भावंड आहे. १९७४ साली पाश्चात्त्य वैद्यकाने सोरालेन आणि मोजून दिलेले अतिनील किरण यांचा उपचार सोरायसिससाठी पुढे आणला, तत्त्व तेच. फरक मोजण्याचा. वैद्य किती, कोठे आणि किती वेळ हे ठरवितो. हळदीकुंकवाचा थेंब काहीच ठरवीत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या गावाच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. पोलादाच्या कारखान्यात कोळशाचा कोक करताना जे डांबर निघते तेही त्वचेवर राहिले तर उन्हात असेच भाजते. डांबर हाताळणाऱ्या कामगारांना ही आग फार दिवसांपासून ठाऊक आहे. कोकभट्टीचे डांबर आणि इटलीतले नाजूक फळ यांचा असा संबंध जुळेल, हे कोणाच्या मनातही आले नसते.

बर्गामॉट आपल्या घरात रोज येत नाही, पण कागदी लिंबू येते. पिळलेल्या लिंबाची फोड चेहऱ्यावर घासून रंग उजळतो, अशी समजूत घरोघरी आहे. साल घासली की तिच्यातले तेलही त्वचेवर येते. रात्री घासून धुऊन टाकले तर एकवेळ चालेल. सकाळी घासून मुलगी सायकलवरून कॉलेजात गेली तर उजळण्याऐवजी काळे डाग घेऊन परत येण्याचा संभव आहे. उन्हाळ्यात अंगणात बसून सरबतासाठी पन्नास लिंबे पिळणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय उन्हात काम करू नये. आणि लिंबाच्या हाताने लहान मुलाला उचलू नये. परदेशांत असे झाले आहे की मुलाच्या पाठीवर आईच्या बोटांचे काळे ठसे उमटले आणि डॉक्टरांना वाटले, याला घरी मारहाण होते. निरपराध आईबापांवर आलेला हा संशय लिंबामुळे होता, हे उमजायला वेळ लागला.

ज्यांना ही तेले वापरायचीच आहेत त्यांनी ती नुसती कधीही अंगाला लावू नयेत. तीळ, खोबरे किंवा बदामाच्या तेलात मिसळावीत. ३० मिलिलिटर तेलात सुमारे सहा थेंब घातले की मिश्रण एक टक्क्याचे होते, आणि प्रौढ माणसाला तेवढे पुरते. दाबून काढलेल्या बर्गामॉटच्या बाबतीत सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इफ्राने, त्वचेवर राहणाऱ्या पदार्थांसाठी ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे; म्हणजे तेवढ्याच तेलात जेमतेम दोन थेंब. कागदी लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलाला ०.७ टक्के आणि पिवळ्या लिंबाच्या तेलाला २ टक्के ही मर्यादा आहे. त्याहून अधिक लावले गेले तर ती जागा निदान १२ तास उन्हापासून झाकून ठेवावी. मोटारीच्या काचेआड बसलो म्हणजे सुटलो असे समजू नये, कारण हे किरण साध्या काचेतून आत येतात. प्रथमच वापरताना कोपराच्या आतल्या बाजूस मिश्रणाचा थेंब लावून एक-दोन दिवस पाहावे. स्नानाच्या बादलीत थेंब टाकण्याची पद्धत मला बरी वाटत नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि पहिल्याच तांब्याबरोबर अंगावर, तेही नको तेथे, येऊन बसते.

जुने तेल हा स्वतंत्र धोका आहे. लिमोनीनचा हवेशी संबंध आला की ते हळूहळू बदलते आणि त्यातून अशी द्रव्ये तयार होतात की ज्यांची त्वचेला ॲलर्जी जडते. स्वीडनमधील संशोधकांनी यावर पुष्कळ काम केले आहे. ताजे तेल ज्याला सोसते त्यालाच वर्षभर उघडझाप केलेल्या बाटलीतले सोसेल असे नाही, आणि एकदा जडलेली ॲलर्जी साबण, अत्तर, भांडी घासण्याची पावडर अशा लिंबाच्या वासाच्या प्रत्येक वस्तूत पुढे भेटत राहते. म्हणून बाटली लहान घ्यावी, बूच घट्ट लावावे, अंधारात आणि थंड जागी ठेवावी. वास टर्पेंटाइनसारखा येऊ लागला की टाकून द्यावी. आमच्या भागात वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि लिमोनीनची वाफ सुमारे ४८ अंशांवर ठिणगीने पेटू शकते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा शेगडीजवळच्या फडताळात ही बाटली का ठेवू नये, हे मेणबत्तीशी खेळलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

खोलीत वास दरवळत ठेवण्यासाठी विजेची यंत्रे मिळतात. ती बंद खोलीत रात्रभर चालू ठेवू नयेत. लिमोनीनची हवेतील ओझोनशी गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. पंधरा-वीस मिनिटे, खिडकी थोडी उघडी ठेवून, एवढे पुष्कळ झाले. घरात दमेकरी असेल, तान्हे मूल असेल, तर तेवढेही नको. मांजर पाळणाऱ्यांनी विशेष जपावे. मांजराला लिमोनीन पचत नाही, आणि ते अंग चाटत असल्यामुळे केसांवरचे तेल पोटात जाते.

सर्वांत गंभीर गोष्ट पोटात जाण्याची आहे. बाटलीवर फळाचे चित्र असते, वास गोळीसारखा गोड असतो, आणि घरात दोन-तीन वर्षांचे मूल असते. मुलाने तेल प्यायल्याचे ध्यानात आले तर त्याला ओकारी मुळीच करवू नये. हे तेल पातळ असते. ओकताना ते श्वासनळीत उतरले तर फुफ्फुसांना सूज येते, आणि मूळ विषबाधेपेक्षा ते अधिक घातक ठरते. मीठपाणी पाजणे, घशात बोट घालणे हे आपले जुने उपाय येथे उलटतात. मूल आणि बाटली दोन्ही घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे, तेथून डॉक्टरांना रात्रंदिवस सल्ला मिळतो. मोठ्यांनीही पाण्यात थेंब टाकून पिण्याचा हल्ली सांगितला जाणारा प्रयोग करू नये. संत्रे खावे, लिंबाचे सरबत प्यावे. त्यासाठी बाटलीची गरज काय?

आमच्या घरातला मनगटावरचा डाग पावसाळाभर राहिला आणि दिवाळीच्या सुमारास दिसेनासा झाला. नरकचतुर्दशीला नेहमीप्रमाणे तिळाचे तेल लावले, आणि गच्चीवर वाळविलेल्या संत्र्याच्या सालीचे उटणेही लावले. त्याने कोणाला काही झाले नाही. हळदीकुंकवाची ती बाटली यजमानीणबाईंनी फेकली नाही. वास फार आवडतो म्हणतात. कुलपाच्या कपाटात, वरच्या खणात ती आहे, आणि तिच्यावर त्यांनी चिकटपट्टीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद लावला आहे: ‘अंगाला लावू नये.’